हातमोज्यांच्या कप्प्यामागे

मोटारीत चालकाशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर एक झाकणाचा कप्पा असतो. त्यास ‘ग्लोव्ह बॉक्स’ म्हणतात, म्हणजे हातमोज्यांचा कप्पा. आपल्याकडील कप्प्यांत हातमोजे सोडून इतर सर्व काही सापडते : विम्याची पॉलिसी, मुदत संपलेले प्रदूषण प्रमाणपत्र, टोलच्या पावत्या, बडीशेपेची पुडी, कुलदैवताचा अंगारा आणि किल्ल्यांचे एखादे असे जुडगे, की ज्याची कुलुपे कुठे आहेत हे घरातील कुणासच ठाऊक नसते.

हे नाव पडले त्या काळी मोटारींना धड छत नव्हते, बाजूच्या काचा नव्हत्या आणि थंडीवाऱ्यात सुकाणूचे चाक धरणाऱ्याची बोटे बधिर होत. इंग्लंडातील डोरोथी लेव्हिट या धाडसी मोटारचालिकेने १९०९ साली ‘द वुमन अँड द कार’ हे पुस्तक लिहिले. आसनाखालच्या लहानशा खणात हातमोज्यांची स्वच्छ जोडी, रुमाल आणि आरसा ठेवावा, असा सल्ला तिने त्यात आपल्या भगिनींना दिला आहे. पुढे मोटारीला छत आले, काचा आल्या. आणि १९३८ साली अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची ताजी हवा गाळून, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापवून आत सोडण्याची व्यवस्था बाजारात आणली. हातमोज्यांची निकड संपली, कप्प्याचे नाव मात्र राहिले. गंमत अशी, की ज्या यंत्रणेने हातमोजे निकालात काढले, तिचा बराचसा भाग आजच्या मोटारींत नेमका हातमोज्यांच्या कप्प्यामागेच दडलेला असतो. हीटर बिघडला, तर पहिला शोध तेथेच घ्यावा, हे सांगण्यासाठी हा लेख.

महाराष्ट्रात हीटर ही जवळजवळ शोभेची वस्तू आहे. गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत तापमानाची खुंटी निळ्या टोकावरून हलत नाही. ती तांबड्या टोकाकडे फिरवली असता गरम हवा येते किंवा नाही, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. तो उपस्थित होतो बदलीचा आदेश हाती पडल्यावर. आपल्यासारख्या अखिल भारतीय बँकेत अकोल्याची गाडी शिमल्याला आणि रत्नागिरीची श्रीनगरला जाणे नवलाचे नाही. सैन्यदलांतील आणि केंद्र सरकारच्या सेवेतील आपल्या ग्राहकांचीही हीच कथा. त्यात आता हौशी प्रवाशांची भर पडली आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून जाणारा ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. त्यामुळे पूर्वी हिवाळ्यात बर्फाने तुटणाऱ्या लाहौल खोऱ्याकडे आता साध्या लहान मोटारीही जानेवारीत निघतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शिमल्याच्या शाखेत अकोल्याहून एक सहकारी रुजू झाले. सोबत सात वर्षांची, नीट निगा राखलेली एक लहान मोटार होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी हीटर लावला. हवा आली ती मंद आणि जेमतेम कोमट. थंडी अंगावर लोकर चढवून सोसता येते. पण सकाळी मुलीला शाळेत सोडताना समोरची काच आतून धुरकट होई, आणि वळणावळणाच्या उतारावर ते एका हाताने चाक व दुसऱ्या हाताने फडके धरून गाडी हाकीत. खरा धोका तो होता. गाडी एका गॅरेजमध्ये नेली असता निदान मिळाले : हीटर कोअर तुंबला आहे, संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील. खर्चाचा अंदाज पाच आकडी होता.

“डॅशबोर्ड उतरवायला माझी ना नाही,” ते दुपारच्या डब्याच्या वेळी म्हणाले, “पण आधी निदान समोरचं झाकण काढून तरी बघायला नको का?” हिमाचलात माझा तो चौथा हिवाळा होता, त्यामुळे हा प्रश्न मला पुरेसा परिचित होता. रविवारी बघू, असे ठरले.

झाकण काढण्याआधी हीटर चालतो कसा, ते थोडक्यात पाहू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो चटकन कळतो, कारण परिव्ययशास्त्रात ज्यास उपउत्पादन म्हणतात, त्याचा हा नमुना आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी, अगदी ढोबळमानाने, तिसरा हिस्सा चाकांना गती देतो, तिसरा धुराच्या नळीवाटे जातो आणि उरलेला इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, म्हणजे कूलंटमध्ये उतरतो. हा द्रव रेडिएटरकडे जाऊन आपली उष्णता वाऱ्यावर सोडतो. त्यातलाच थोडा प्रवाह दोन रबरी नळ्यांनी डॅशबोर्डामागील एका लहानशा जाळीदार पेटीतून फिरवला जातो. ही पेटी म्हणजे हीटर कोअर. रेडिएटरचे धाकटे भावंडच म्हणा. ब्लोअरचा पंखा तिच्यावर हवा फेकतो आणि ती हवा तापून आपल्यापर्यंत पोहोचते. एसीसाठी कॉम्प्रेसर फिरवावा लागतो, त्याचे इंधन मोजावे लागते. हीटरची उष्णता मात्र एरवी वाया जाणारी, म्हणून जवळजवळ फुकट. विद्युत मोटारीत इंजिनच नसल्याने हे उपउत्पादनही नाही. तेथे हवा बॅटरीच्या विजेवर तापवावी लागते आणि थंडीत एका चार्जिंगमध्ये मिळणारे अंतर घटते. या लेखातील विवेचन मुख्यत्वे पेट्रोल आणि डिझेलच्या मोटारींचे आहे.

गरम व थंड हवेचे प्रमाण ठरवते ती एक प्लॅस्टिकची झडप. आपण खुंटी फिरवतो तेव्हा बहुतेक मोटारींत पाण्याचा नळ उघडत नाही. ही झडप हलते आणि हवा हीटर कोअरवरून किती जावी व त्याला वळसा घालून किती जावी, याची वाटणी करते. साध्या गाड्यांत तिला एक तारेची केबल जोडलेली असते, स्वयंचलित तापमानाच्या गाड्यांत एक चिमुकली मोटर. म्हणजे गरम हवा न येण्यास दोन सर्वस्वी भिन्न कारणे संभवतात. एक, उष्णताच आत पोहोचत नाही. दुसरे, उष्णता पोहोचली आहे, पण हवा तिच्यावरून जात नाही किंवा पुरेशी हवाच नाही. पहिले कारण बॉनेटखाली शोधावयाचे, दुसरे हातमोज्यांच्या कप्प्यामागे. या दोहोंतला भेद न करता दुरुस्तीस हात घालणे म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा न तपासता ताळेबंदात ‘संशयित खाते’ उघडण्यासारखे आहे.

उष्णता पोहोचते का, हे पाहण्यास हत्यार लागत नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून तापमानाचा काटा पाहावा. तो मध्याच्या आसपास स्थिरावला, तर इंजिन आपल्या नेहमीच्या तापमानाला आले. अनेक लहान मोटारींत हल्ली काटाच नसतो. गार इंजिनाचा निळा दिवा तेवढा असतो, तो विझला पाहिजे. काटा खालीच रेंगाळला किंवा निळा दिवा विझण्यास फार वेळ लागला, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. मेणाच्या प्रसरणावर चालणारी ही झडप साधारणतः ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला उघडते आणि तोपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आपल्याकडील उष्ण प्रदेशांत, गाडी तापते म्हणून हा थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा एक जुना रिवाज आहे. अकोल्याच्या मे महिन्यात तो उपाय वरवर चालून जातो. शिमल्याच्या जानेवारीत तीच गाडी कधी तापतच नाही आणि हीटर बिचारा विनाकारण बदनाम होतो. सहकाऱ्यांच्या गाडीचा काटा मात्र दहा मिनिटांत मध्यावर येत होता.

दुसरी चाचणी नळ्यांची. इंजिन तापल्यावर ते बंद करून, बॉनेट उघडून, इंजिनाकडून डॅशबोर्डाकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्यांना जाड फडक्यातून हलकेच हात लावावा. दोन्ही गरम असतील, तर द्रव हीटर कोअरमधून व्यवस्थित फिरत आहे. एक कढत व दुसरी गार असेल, तर कोअर तुंबल्याचा किंवा त्यात हवा अडकल्याचा दाट संभव. हे करताना रेडिएटरच्या झाकणाला स्पर्शही करू नये. ते झाकण आतील द्रव दाबाखाली ठेवते, म्हणून तो शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. शिमला सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे उघड्यावरचे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले, की दाब क्षणात उतरतो आणि उकळता द्रव कारंज्यासारखा तोंडावर येतो. इंजिन पूर्ण निवाल्यावर कूलंटच्या पारदर्शक डब्यातील पातळी पाहावी. पातळी कमी असली, की डॅशबोर्डामागून पाणी खळखळल्याचा आवाज येतो आणि गाडी उभी असताना हवा गार, वेगात असताना गरम, असे होते.

आमच्या गाडीच्या दोन्ही नळ्या सारख्याच कढत होत्या, पातळीही योग्य होती. कोअर तुंबल्याचा तर्क येथेच डळमळला. आता कप्पा.

तो आधी रिकामा करावा, आणि येथे एका बँक अधिकाऱ्याला थोडे विषयांतर क्षम्य असावे. कप्प्यातून काय काय निघते, ते पाहून पोटात गोळा येतो : चेकबुक, पासबुक, कार्डावरील पिन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, आणि ‘ऐन वेळी लागला तर’ म्हणून सही करून ठेवलेला कोरा धनादेश! गाडी धुणारा, पार्किंगवाला, गॅरेजमधला पोऱ्या, या सर्वांच्या हाती आपण किल्ली देतो. कप्प्याचे कुलूप, जेथे असते तेथे, एका स्क्रू-ड्रायव्हरचे धनी असते. गाडीची कागदपत्रेदेखील आता कागदावरच बाळगण्याची सक्ती नाही. २०१८ पासून डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील प्रती कायद्याने ग्राह्य आहेत. कप्पा एकदा रिकामा केलाच आहे, तर त्यातले अर्धे सामान परत न ठेवलेलेच बरे.

कप्पा काढण्याची रीत गाडीगणिक भिन्न असली, तरी प्रकार मुख्यत्वे दोन. पुष्कळशा लहान मोटारींत तो खालच्या बाजूस दोन बिजागऱ्यांवर टेकलेला असतो आणि आतील दोन्ही बाजूंच्या भिंतींवर असलेले टप्पे त्याला पूर्ण खाली पडण्यापासून अडवतात. झाकण उघडावे, दोन्ही भिंती तळहातांनी आतल्या बाजूस दाबाव्या. टप्पे सुटतात आणि कप्पा खाली लोंबतो. एका बाजूस बहुधा एक दोरी किंवा दट्ट्या असतो, तो झाकण सावकाश उघडावे म्हणून. तो आधी सोडवावा, मग कप्पा स्वतःकडे ओढून बिजागऱ्यांतून मोकळा करावा. दुसऱ्या प्रकारात कप्पा स्क्रूंनी बसवलेला असतो. ते खालच्या कडेला आणि झाकण उघडल्यावर वरच्या ओठाआड दिसतात. काढलेले स्क्रू एका वाटीत, कोणता कुठला हे ध्यानात ठेवून. आत दिवा असेल तर त्याची तार ओढू नये, जोडणीची कळ दाबून सोडवावी. प्लॅस्टिक थंडीत ठिसूळ होते. गाडी काही वेळ उन्हात ठेवून मग हे काम करावे, नाहीतर टप्पा मोडतो आणि झाकण जन्मभर खडखडत राहते. अनेक मोटारींच्या मॅन्युअलमध्ये हवेची गाळणी बदलण्याच्या प्रकरणात ही कृती चित्रांसह दिलेली असते. ते पान आधी वाचावे. ते मॅन्युअल कप्प्यातच असते, हे वेगळे सांगावयास नकोच.

एक इशारा मात्र ठळक अक्षरांत वाचावा असा आहे. या कप्प्याच्या वर, डॅशबोर्डात, शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग असते. नव्या नमुन्याच्या मोटारींना ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली आणि आधीपासून विक्रीत असलेल्या नमुन्यांना ३१ डिसेंबर २०२१ ही मुदत मिळाली. म्हणजे त्यानंतर बनलेल्या प्रत्येक मोटारीत ती आहेच, आणि आधीच्याही कित्येकांत आहे. तिच्या तारांच्या जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. कप्पा उतरवताना इग्निशन बंद असावे आणि पिवळ्या जोडणीला हात लावू नये. ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नसेल, तर ते काम आपले नव्हे. गाडी प्रशिक्षित माणसाकडे न्यावी.

कप्पा निघाला, की जी पोकळी दिसते तिच्यात पाहण्याजोग्या चार गोष्टी असतात. समोरच उभट किंवा आडवे झाकण असते, त्यात हवेची गाळणी, म्हणजे केबिन फिल्टर. खाली, पायांच्या बाजूस, गोल डब्यात ब्लोअरचा पंखा व त्याची मोटर. तिच्याजवळच दोन-चार तारांची जोडणी असलेली एक लहान पट्टी, तो रेझिस्टर. आणि वरच्या बाजूस, हवा बाहेरून घ्यावी की आतलीच फिरवावी, हे ठरवणारी झडप. कित्येक गाड्यांत गरम-थंड वाटणीच्या झडपेचा दांडाही येथूनच, जरा मान वाकडी करून, दिसतो.

गाळणीपासून सुरुवात करावी. आम्ही तिचे झाकण काढले, तेव्हा आधी बाहेर आली ती भुईमुगाची टरफले. मग कापसाचे पुंजके, मग कुरतडलेल्या कागदाच्या चिंध्या. बदलीच्या गडबडीत गाडी अकोल्यात दीड महिना कडुनिंबाखाली उभी होती, आणि तेवढ्या अवधीत उंदरांनी तेथे संसार थाटला होता. अशी घाण कोरडी झटकू नये, फुंकरीने तर मुळीच उडवू नये. उंदरांच्या विष्ठा-मूत्रातून रोग पसरतात. नाकातोंडावर मुखपट्टी, हातांत रबरी मोजे घालून, जंतुनाशकाने ओली करून मगच ती पुसून काढावी. शेवटी हातमोज्यांच्या कप्प्यापाशी हातमोजे लागले ते असे! गाळणी फेकून दिली. नवी बसवताना तिच्यावरील बाणाची खूण पाहावी. बाण हवेच्या प्रवाहाची दिशा दाखवतो. काही मोटारींच्या स्वस्त आवृत्त्यांत गाळणीचा खण असतो पण गाळणी दिलेलीच नसते. अशा गाडीत पाने आणि धूळ थेट पंख्यावर आणि पुढील जाळ्यांवर जाऊन बसते.

ब्लोअर बोलका असतो. तो सर्वच वेगांवर निश्चल असेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. फ्यूज ठीक असून मोटरच्या डब्यावर हलकी टिचकी मारताच तो फिरू लागला, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत असे समजावे. सगळ्यांत अधिक आढळणारे लक्षण निराळेच : वेग एक, दोन, तीन बंद, आणि चार नंबरवर मात्र झंझावात. हा रेझिस्टरचा दोष. कमी वेगांसाठी वीज त्या पट्टीतून अडवून घेतली जाते, सर्वाधिक वेगाला ती थेट मोटरला मिळते. म्हणून पट्टी जळली तरी शेवटचा वेग शाबूत राहतो. हा सुटा भाग बहुधा काही शे रुपयांचा असतो आणि दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. मात्र तो जळाला का, हेही पाहावे. गाळणी तुंबून किंवा मोटर जाम होऊन त्याच्यावर ताण आलेला असेल, तर नवाही लवकरच जळतो. खर्रखर्र आवाज येत असेल, तर पंख्यात पान अडकले आहे किंवा त्याचे बेअरिंग संपत आले आहे. स्वयंचलित तापमानाच्या गाडीत खुंटी फिरवताच काही क्षण टकटक आवाज येत असेल, तर झडप हलवणाऱ्या चिमुकल्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेले असतात.

सहकाऱ्यांच्या गाडीचा ब्लोअर निर्दोष होता. गाळणीचा खण साफ होताच हवा जोरात येऊ लागली, पण कोमटच. अर्धा दोष सापडला होता, अर्धा बाकी. मग एकाने खुंटी निळ्याकडून तांबड्याकडे फिरवायची आणि दुसऱ्याने विजेरी लावून झडपेचा दांडा पाहायचा, असे केले. खुंटी पूर्ण फिरली. दांडा बोटभर हलून थांबला. केबलचे बाहेरचे वेष्टन ज्या चिमट्याने जखडलेले असते, तो चिमटा सुटून गेला होता. त्यामुळे खुंटीचा जोर झडपेऐवजी केबल वाकवण्यात खर्ची पडत होता. दांडा बोटाने शेवटपर्यंत सरकवला आणि दहा-पंधरा सेकंदांत हवा अशी तापली, की लोकरी टोपी काढावी लागली. चिमटा तेथेच खाली पडलेला सापडला. तो परत बसवला, खुंटी दोन्ही टोकांना चार वेळा फिरवून पाहिली. खर्च नव्या गाळणीचा तेवढा झाला.

काचेवरील धुक्याचे काय? तेही बऱ्याच अंशी याच पोकळीतून सुटते. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर विसावते, तेच ते धुके. आतलीच हवा फिरवण्याची झडप बंद स्थितीत अडकली, तर ओलसर हवा गाडीतच कोंडली जाते आणि काच पुसून हात दुखतात. कप्पा निघालेला असताना ते बटण दोन-तीनदा दाबून झडप खरोखर हलते का, हे डोळ्यांनी पाहावे. त्यानंतरचा उपाय अनेकांना चमत्कारिक वाटतो : बाहेरची हवा, काचेकडचा प्रवाह, तांबडी खुंटी आणि जोडीला एसीही चालू. एसीच्या थंड जाळीवर हवेतील बाष्प गळून पडते, मग ती कोरडी हवा हीटरवर तापते आणि काच मिनिट-दोन मिनिटांत स्वच्छ होते. हिवाळ्यात एसी लावणे म्हणजे उधळपट्टी, या समजुतीपायी घाटात आंधळेपणाने गाडी हाकणारे मी पाहिले आहेत.

हीटर कोअर खरोखरच दोषी असतो, तेही प्रसंग असतात, आणि ते ओळखू येतात. गाडीत गोडसर वास येतो, काचेच्या आतल्या बाजूस तेलकट थर जमतो, कूलंट वारंवार घालावे लागते आणि डाव्या बाजूचे गालिच्याचे कापड ओले होते. ओल नुसत्या पाण्याची असेल तर एसीचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असू शकते. ती रंगीत व बुळबुळीत असेल तर कूलंट. हा द्रव बहुधा इथिलीन ग्लायकॉलचा, चवीला गोड आणि विषारी. मुलांना व पाळीव प्राण्यांना त्यापासून दूर ठेवावे. अशा वेळी डॅशबोर्ड उतरवण्याचे काम बहुतेक गाड्यांत अटळ असते, आणि गॅरेजवाल्याने त्याचे योग्य पैसे मागितले तर ते अवास्तव नव्हेत. आपण फक्त अंदाजपत्रक लेखी घ्यावे, नळ्यांची चाचणी आपल्यासमोर करून दाखवण्यास सांगावे, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. वाद झालाच, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष सेवेविरुद्ध जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्या वेळी हा लेखी कागदच उपयोगी पडतो.

हीटर चांगला चालू लागला, की त्याचा मोह सुटत नाही, म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवतो. बंद गॅरेजमध्ये किंवा बर्फात रुतलेल्या गाडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नये. धुराच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले, की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या मोटारींमध्ये किमान २२ माणसे दगावली, त्यांत या वायूचे बळीही होते. अडकलोच, तर नळीभोवतीचा बर्फ आधी उकरावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि एक काच बोटभर उघडी ठेवावी.

आता ज्यांच्या हाती उत्तरेकडील बदलीचा आदेश पडला आहे, त्यांच्यासाठी. उन्हाळ्यात डब्यात वेळोवेळी ओतलेले नळाचे पाणी हे पुढच्या त्रासाचे मूळ असते. त्यातील क्षार हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत साचतात, आणि निव्वळ पाणी शून्याखाली गोठून सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते. त्या जोरापुढे इंजिनाचा ओतीव भागही तडकतो. कूलंट व शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असलेले मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ते निघण्याआधीच बदलून घ्यावे, थर्मोस्टॅट जागेवर आहे ना हे विचारावे, आणि घरासमोरच हीटर पंधरा मिनिटे चालवून पाहावा. अकोल्यात भर ऑक्टोबरच्या उन्हात काचा लावून हीटरसमोर बसलेल्या गृहस्थाकडे शेजारी जरा चमत्कारिक नजरेने पाहतील, तेवढे सोसावे.